धुऊन गेलेला क्रमांक

मित्रांनो, मी एक जुना खापराचा तुकडा आहे, तळहातावर मावेन एवढाच. मातीत फार वर्षं काढली की काही वाटेनासं होतं, तेव्हा माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका.

इस्राएल आणि यहूदा या दोन प्राचीन राज्यांच्या हद्दीवरच्या एका गावात कुंभाराने मला घडवलं. मी रांजणाचा काठ होतो. बायका माझ्यावर मनगट टेकवून तेल काढत. गाव आज या राजाचं, उद्या त्या राजाचं. दोघांच्या भांडणात रांजण फुटला आणि मी मातीत गेलो. पुढे त्या गावाला दगडी तट आला. असे तट यहूदाच्या आसा राजाने बांधले, असं बायबलमध्ये लिहिलं आहे.

मग उत्खनन झालं. कुणीतरी माझ्या पाठीवर काळ्या शाईने बारीक क्रमांक घातला. मी कुठून, मातीच्या कोणत्या थरातून निघालो, हे त्यावरूनच कळणार होतं. आता तोच माझं गाव, तोच माझा थर. पेटीत बसून मी जर्मनीत, आखनच्या एका संस्थेत आलो. इथून लोक सायकलवर हॉलंडात जातात आणि हद्दीवर त्यांना कुणी अडवत नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही.

२००६ साली धम्मदीपा नावाची नागपूरची संशोधक मला तासन्‌तास न्याहाळू लागली. मी तटाखालून निघालेला असलो, तर तट माझ्यानंतरचा ठरणार होता. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यावरच उभं होतं. माझ्या पाठीवर चुन्याचा थर होता. नियम असा, की आधी क्रमांक वहीत उतरवायचा, मग तुकडा आम्लाच्या पाण्यात सोडायचा. तिच्या आईचं, द्रौपदीबाईंचं वळण मात्र उलटं: भांडं आधी घासायचं, बाकीचं मग. त्या सोमवारी धम्मदीपाचा हात घरच्या सवयीने चालला. क्रमांक चुन्यावरच लिहिलेला होता. चुना गेला, तोही गेला.

“२१४ होता ना? मग लिहून टाक,” शेजारच्या टेबलावरचा यशपाल म्हणाला. “तटाखालचा. काम झालं.”

“२७४ पण असेल. तो तटाच्या वरचा.”

“आल्झो, म्हणजे मग, तूच म्हणालीस ना, २१४ आठवतोय?”

“मला तोच हवाय, म्हणून आठवतोय रे.”

मग तिने चिठ्ठीवर ‘ठिकाण अज्ञात’ असं लिहिलं. शाईच जुनी होती, असं म्हणणं सोपं होतं, पण तिने खापर कुणावर फोडलं नाही. प्रबंधातलं ते अख्खं प्रकरण गेलं. मार्चमध्ये करार संपला आणि ती नागपूरला परतली.

मी आता बिनगावाच्या तुकड्यांच्या डब्यात असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर धुवा, पुसा, पण त्याआधी त्या कुठून आल्या ते लिहून ठेवा. आम्हाला आठवत असतं, सांगता येत नाही.

माझा क्रमांक २१४ होता. एवढ्या एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं.