जांभळं पाणी आणि माझा काटा

मी एक जुना रंगमापक आहे, मित्रांनो. नाव ऐकून घाबरू नका. पत्र्याची एक जड पेटी, आत दिवा, वर झाकण, झाकणाखाली काचेची कुपी उभी करायला खाच आणि पुढे एक काटा, एवढाच माझा संसार. कुपीतल्या पाण्यातून दिव्याचा किती उजेड पार जातो, ते काटा दाखवतो. पाणी गडद असेल तर तो डावीकडे पडून राहतो आणि फिकं झालं की उजवीकडे सरकतो. याहून जास्त मला काही येत नाही. हे मी वेळीच सांगायला हवं होतं. पण मला वाचा नाही, आणि खरं बोलायचं तर तेव्हा इच्छाही नव्हती.

वनस्पतींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी खिडकीजवळच्या टेबलावर राहायचो. रोज सकाळी तिथले मदतनीस काका मला पुसायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "काय साहेब, उठलात का?" माझा दिवा तापायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात काका चहा पिऊन घ्यायचे. त्यांच्याएवढी माझी काळजी कुणी घेतली नाही, म्हणून पुढचं सांगताना जीभ अडखळते. नसलेली जीभसुद्धा.

प्रयोगशाळेच्या मुख्य बाई कुंपणावरच्या एका झुडपाच्या मागे लागल्या होत्या. त्या म्हणायच्या, "झाडाला पळून जाता येत नाही. ऊन आलं, कीड आली, तरी तिथंच उभं राहायचं. म्हणून ते स्वतःला वाचवायला पानात नाना घटक तयार करतं. त्यातले काही आपल्याही कामाचे असतील." मग पानं सावलीत वाळायची, कुटली जायची, त्यांचा अर्क निघायचा. एका जांभळ्या पाण्यात त्याचे थेंब टाकायचे. अर्कात तसे घटक असतील तर जांभळा रंग ओसरतो.

त्या दिवशी रंग असा ओसरला की माझा काटा पार उजव्या टोकाला जाऊन भिडला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. विद्यार्थी गोळा झाले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो ते उतरायलाच तयार नाही.

त्या गडबडीत काकांनी विचारलं, "बाई, साखरेच्या आजाराला चालेल का हो हे?"

बाई आकडे उतरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चालेलही! अशा घटकांवर बरंच काम चाललंय."

त्यांच्या डोक्यात पुढची दहा वर्षं होती. काकांच्या डोक्यात त्याच आजाराच्या गोळ्या घेणारी बायको होती.

दुसऱ्या दिवशी काकांचा विसरलेला चष्मा द्यायला काकू आल्या. काकू शिलाईचं काम करत. पायाची मशीन, आणि शिवण अशी सरळ की बाईसुद्धा आपले कपडे त्यांच्याकडेच टाकत. काकांनी त्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "गोळ्या बंद कर आता. हा पाला उकळून घे."

"डॉक्टरांना विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? काल मी माझ्या डोळ्यांनी काटा पाहिलाय. यंत्र खोटं बोलत नाही. आणि गाजराची पुंगी समज. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली."

काकू माझ्याकडे बघून हसल्या. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. मी रक्त कधी पाहिलं नव्हतं. साखर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. कुपीच्या पोटात आणि माणसाच्या पोटात केवढं अंतर आहे, याचा मी कधी विचारही केला नव्हता. तरी मी ऐटीत बसून राहिलो.

काका रोज संध्याकाळी पिशवीभर पानं घरी नेऊ लागले.

चार महिन्यांनी ते एकदम यायचे बंद झाले. मग बाईंना फोन आला. काकूंच्या पायाला सुई जराशी टोचली होती. ती जखम भरेना, वर चढू लागली. रक्तातली साखर कधीच हाताबाहेर गेली होती. पाय वाचवण्यासाठी अंगठा काढावा लागला.

फोन ठेवून बाई माझ्यासमोर बसल्या. "त्यांनी विचारलं आणि मी मानही वर केली नाही," एवढंच त्या म्हणाल्या. माझा दिवा चालू होता. तो विझावा असं मला पहिल्यांदाच वाटलं.

काका परत आले त्या सकाळी मी धास्तावलो होतो. वाटलं, उचलून आपटतील. त्यांनी नेहमीसारखं फडकं घेतलं आणि काटा, झाकण, खाच, सगळं हळूहळू पुसलं. "साहेब, तुमचा काय दोष? अक्कल माझी गहाण पडली होती," ते म्हणाले. मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी खोटं बोललो नव्हतो, हे खरं. पण माझ्या खऱ्याचा कुणी भलताच अर्थ लावत होतं आणि तो मला गोड लागत होता. याची लाज पुसून जात नाही.

आता नवं यंत्र आलं आहे आणि मी कपाटावर आहे. त्या पाल्यावर अजून काम चालू आहे. कदाचित त्यातून कधी औषध निघेलही. पण पानातला गुण कुपीत दिसला, म्हणून तो माणसाला लागू पडतोच असं नाही. तुमच्या घरी कुणी पाल्याच्या भरवशावर गोळ्या बंद करायला निघालं, तर आधी डॉक्टरांकडे न्या. मोठी माणसं रागावली तरी चालेल.

गेल्या महिन्यात काकू हळूहळू पावलं टाकत इथे आल्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी माझ्यासाठी अभ्रा शिवून आणला होता. "अंगठ्याशिवाय मशीनवर शिवलेलं हे पहिलंच," त्या काकांना म्हणाल्या आणि त्यांनी तो स्वतःच्या हातांनी मला घातला.

तेव्हापासून मी त्या अभ्र्याखाली आहे. त्याच्या तीन बाजू सरळ आहेत. चौथीची शिवण मधेच वाकडी गेली आहे आणि ती बरोबर माझ्या काट्यावर येते.