देठाकडची चकती

दुधी चिरायच्या आधी देठाकडची एक चकती कापायची आणि जिभेवर ठेवायची, हे मला सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं. कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, म्हशीलाही घालायचा नाही. सासूबाई संगमेश्वरच्या, त्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या. आमच्याकडे नवघरला दुसऱ्या मजल्यावर कबुतरं आहेत. पण नियम तोच. सत्तावीस वर्षांत मी तो एकदाच मोडला, तोही ह्यांच्या तब्येतीच्या काळजीने.

दिवाळीनंतर ह्यांची उपाशीपोटी शुगर एकशे नव्वद निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, चालायला सांगितलं. तेवढ्यावर माझं समाधान होईना. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एक वही भरली आणि मिक्सर कामाला लावला. पहिला आठवडा मोसंबी, सफरचंद, डाळिंब. वही बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, शुगरवाल्या माणसाला ही साखरच पाजताय. फळं चावून खाऊ दे त्यांना. ज्यूस करायचाच तर भाज्यांचा करा, थोडासा करा आणि गोळी अजिबात बंद करू नका.

मग ठरलं. मला गाजर, बीट, आवळा. ह्यांना कारलं, दुधी, आल्याचा तुकडा, वर अर्धं लिंबू. उरलेल्या चोथ्याची थालीपीठं. ती बरी होतात, कशाची आहेत ते सांगितलं नाही तर.

ताजा ज्यूस लगेच प्यावा हे खरं, पण सकाळी साडेसातला तो ह्यांच्या घशाखाली उतरत नसे. हे काशीमीऱ्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये स्टोअर सांभाळतात. तिथे दहा वाजता चहाची सुट्टी होते. तेव्हा पितो म्हणाले. मी रोज स्टीलच्या बाटलीत भरून देऊ लागले आणि संध्याकाळी बाटली रिकामी परत येऊ लागली. नुसती रिकामी नव्हे, घासलेली. तिथेच माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने सत्तावीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो बाटली घासून आणतो? गॅरेजच्या मागे मोठं गटार आहे, ते मी पाहिलेलं. मी टोमणे मारायचे, त्या गटाराची शुगर आता नॉर्मल आली असेल. हे हसायचे आणि पेपर वर धरायचे.

तीन महिन्यांनी शुगर एकशे अठ्ठावीस आली. त्यात ज्यूसचा वाटा किती, गोळीचा किती आणि खाडीपर्यंत चालण्याचा किती, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. माझा संशय मात्र जागचा हलला नाही.

त्या मंगळवारी मला उठायला उशीर झाला. दुधी आदल्या दिवशी टेरेझाकडून घेतलेला. ती उत्तनहून आपल्या वाडीतली भाजी घेऊन आमच्या कोपऱ्यावर बसते. देठाकडची चकती कापली आणि तशीच मिक्सरमध्ये टाकली. कारल्यात जाणार, कडूच होणार, त्यात चाखायचं काय, असा विचार केला. शहाणपणाचा वाटला तेव्हा.

सव्वानऊला उरलेला अर्धा दुधी भाजीला घेतला. सवयीने एक फोड तोंडात टाकली.

कारल्याचा कडूपणा जिभेवर बसतो आणि उठून जातो. हा घशात उतरून आवळत राहिला. मी थुंकले, चुळा भरल्या, गूळ खाल्ला, तरी जाईना. मग बाटली आठवली. असा दुधी रस काढून प्यायला तर माणूस ओकून ओकून अर्धमेला होतो, रक्त पडतं, क्वचित जीवही जातो, हे सासूबाईंकडून ऐकलेलं आणि पुढे डॉक्टरीणबाईंकडूनही.

सहा वेळा फोन लावला. वाजून वाजून बंद. स्टोअरमध्ये असले की फोन ड्रॉवरमध्ये असतो. गॅरेजमधला दुसरा कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि आता वाटतं, असायला हवा होता. अर्धा दुधी पिशवीत टाकून मी रिक्षात बसले.

रिक्षावाल्याने विचारलं, "कोई सीरियस है क्या?"

मी म्हटलं, "जूस पिया है."

त्याने आरशातून एकदा बघितलं आणि गिअर टाकला.

हायवेवर कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकली. पावणेदहा झाले, मग दहाला पाच. मी देवाला हात जोडले आणि मागितलं ते असं: देवा, हा माणूस तीन महिने मला फसवत आलेला असू दे. रोज गटारात ओतत असू दे. आजही ओतू दे. मी जन्मात कधी टोमणा मारणार नाही. नवऱ्याचा खोटेपणा सिद्ध व्हावा म्हणून नवस बोलणारी बाई देवाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. हे स्टोअरच्या दारात टायरवर बसून चहा पीत होते. मागे खिडकीत बाटली उपडी घातलेली, घासलेली, पाणी निथळत असलेली. मी बाजूच्या टायरवर बसले.

"प्यायलात?"

"अगं, तू इथे कशी?"

"ज्यूस प्यायलात का, अहो?"

"घोट घेतला नि थुंकला. बाकीचा ओतला." मग जरा ओशाळून म्हणाले, "आज बरोबर नव्हता गं."

"कारल्याचा ज्यूस तो. तुम्हाला काय कळलं बरोबर नव्हता ते?"

"तीन महिने रोज पितोय. कारलं आता ओळखीचं झालंय माझ्या. हा कडूपणा निराळाच होता."

मी पिशवी उघडून अर्धा दुधी दाखवला आणि रडायला लागले. गॅरेजमधले दोघे-तिघे जमले. भाजीवरून भांडण झालंय असं त्यांना वाटलं असावं. एकाने मला पाणी दिलं, दुसऱ्याने ह्यांच्याकडे रागाने बघितलं.

तरीही त्यांना उठवून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी प्रेशर बघितलं, पोट दाबलं, तीन तास समोर बसवून ठेवलं. काही झालं नाही. निघताना म्हणाल्या, "थुंकलात म्हणून बरं झालं. औषध म्हणून डोळे मिटून प्यायला असतात, तर आज ॲडमिट केलं असतं."

परत येताना हे रिक्षात म्हणाले, "म्हणजे तीन महिने तुला खरंच वाटत होतं मी ओततो?"

"मग बाटली का घासायचात?"

"कारल्याचा वास राहतो. सकाळी भरताना तू नाक मुरडतेस."

मी बाहेर बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं, गोदामांच्या भिंती होत्या.

दुसऱ्या दिवशी टेरेझाला सांगितलं. ती म्हणाली, "आमचे वाडीत असा कवा निघाला न्हाय, बाय." तरी तिने टोपलीतला एकेक दुधी नखाने खरवडून बोट जिभेला लावलं. सातही गोड निघाले. त्यातला एक तिने पैसे न घेता माझ्या पिशवीत घातला.

आता सकाळी मिक्सर लावायच्या आधी हे ओट्याशी हजर असतात. चकती मी चाखणार म्हणते, तर हे आधी मी म्हणतात. तुम्हाला शुगर आहे, मी म्हणते. तुला ॲसिडिटी आहे, हे म्हणतात. शेवटी चकतीचे दोन तुकडे करते. एकदमच तोंडात टाकतो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहतो, गोड लागेपर्यंत.