कामाचे कपडे

धोंडिरामने यादीतलं पुढचं नाव मोठ्याने वाचलं, "कुंडलिक सदाशिव अहिरे," आणि मान वर केली. कुणी उठलं नाही. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने नुसताच हात हलवला. गेला, असा त्याचा अर्थ. धोंडिरामने नावावर रेघ ओढली. सकाळपासूनची ही सहावी.

मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कामगार संघटनेचं तपासणी शिबिर भरलं होतं. नाहूरजवळ पूर्वी गाड्यांच्या ब्रेकचे लायनर बनवणारा कारखाना होता. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस वापरत. कामगार त्याला पूड म्हणत. कारखाना बंद पडून पंचवीसच्या वर वर्षं झाली, त्या जागेवर आता तीन टॉवर उभे आहेत. पण ज्यांच्या छातीत पूड गेली होती त्यांच्यात ती अजून मुक्कामाला होती. वीस-वीस, तीस-तीस वर्षं गप्प राहायची आणि मग एक दिवस माणसाचा श्वास आवळायला लागायची. म्हणून संघटना दरवर्षी एका रविवारी जुन्या माणसांना गोळा करी, शाळेच्या आवारात एक्स-रेची गाडी उभी करी, आणि नावं पुकारायचं काम धोंडिरामकडे असे.

धोंडिराम स्वतः मिक्सिंग खात्यात होता. पूड सगळ्यात जास्त उडायची ती तिथे. तरी दरवर्षी त्याचा एक्स-रे साफ निघे. सत्तरीला टेकला होता, पण चार मजले न थांबता चढायचा. मेलेल्या सोबत्यांच्या घरी तो त्यांचे राहिलेले रिपोर्ट पोचवायला जाई तेव्हा त्यांच्या बायका त्याला चहा देत आणि बोलता बोलता त्याच्या छातीकडे बघत. त्या घरांतून तो हळू श्वास घ्यायला शिकला होता. दुपारी जरा डोळा लागला तरी त्याला मिक्सिंगचा हॉल दिसे. धुरकट उजेडात उभी असलेली माणसं, केस पांढरे, भुवया पांढऱ्या. तो नावं पुकारतोय, ते हात वर करतायत, पण कोण कुठला हे काही ओळखू येत नाही.

या वर्षी त्याने बायकोलाही सोबत आणलं होतं. शकूला आठ महिने खोकला होता. गल्लीतल्या डॉक्टरने टीबीचं औषध दिलं, तिने ते न चुकता घेतलं, पण खोकला गेला नाही आणि ती मात्र निम्मी झाली. गाडी दारात आलीच आहे तर आईचाही फोटो काढून घेऊ, असं त्यांची मुलगी प्रियंका म्हणाली. ती सुट्टीच्या दिवशी गोरेगावहून मुद्दाम आली होती आणि आता बाहेर आवारात फोनवर नवऱ्याशी बोलत होती.

एक्स-रे काढून झाल्यावर शकू भिंतीकडच्या बाकावर बसून होती. समोर एक मोठा कागद चिकटवलेला होता. कामाच्या जागी घ्यायची काळजी, असं वर लिहिलेलं आणि खाली पाच-सात ओळी. कागद धोंडिरामनेच सकाळी लावला होता; तीन वर्षं तोच लावत होता. शकू वयाच्या चाळिशीनंतर वस्तीतल्या वर्गात जाऊन वाचायला शिकली होती. ती ओठ हलवत एकेक अक्षर लावत होती. नावं पुकारता पुकारता त्याचं लक्ष गेलं तेव्हा तिचे ओठ थांबले होते. ती बराच वेळ एकाच ओळीकडे बघत होती. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत व तिथेच धुवावेत, घरी नेऊ नयेत.

धोंडिरामने ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. यादीत पुढे कुणाचं नाव आहे ते त्याला दिसेना. शेजारच्या माणसाच्या हातात यादी देऊन तो शकूजवळ जाऊन उभा राहिला. तिने विचारलं, पाणी हवंय का. त्याने नको म्हटलं.

थोड्या वेळाने दोघांना आत बोलावलं. डॉक्टर गार्गी तिशीच्या आतबाहेरची असेल. तिने एक्स-रे उजेडावर धरला आणि तो खाली ठेवायला तिला जरा जास्तच वेळ लागला. मग तिने खुर्ची शकूच्या जवळ ओढली. फुफ्फुसाच्या वरच्या आवरणात जाडी दिसतेय, एका बाजूला पाणीही आहे, असं तिने सावकाश सांगितलं. हा टीबी वाटत नाही. सीटी स्कॅन करावा लागेल, मग पुढचं बोलू. असं साधारण पूड छातीत गेलेल्या माणसांत दिसतं.

"मावशी, तुम्ही कुठल्या खात्यात होतात?" तिने फॉर्म पुढे ओढत विचारलं.

धोंडिरामने तोंड उघडलं, पण शकू आधी बोलली.

"पॅकिंगला. दोन वर्षं."

ती अडखळली नाही. पॅकिंग मिक्सिंगच्या शेजारीच होतं, म्हणाली, मधलं दार कधी लागायचंच नाही. सुपरवायझर आला की पंखे चालू, गेला की बंद. डॉक्टर लिहीत गेली. धोंडिराम ऐकत राहिला. यातलं सगळं खरं होतं. जेवताना रोज एकेक करून त्यानेच ते तिला सांगितलं होतं. शकूने कारखान्याचं फाटकसुद्धा कधी ओलांडलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता आणि ती फॉर्मकडे बघत होती.

"कामाचे कपडे घरी आणायचात का? धुवायला?"

"नाही," शकू म्हणाली. "तिकडंच धुवून यायचो. नळ होता."

"ते बरं झालं," डॉक्टरने फॉर्मवर खूण केली. "नाहीतर घरातल्या सगळ्यांनाच बोलवावं लागलं असतं. लहान मुलं असतील तर आधी त्यांना."

तिने पान उलटलं.

शकूचा हात मांडीवर होता. तो तिने उचलला, पदराशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. नवऱ्याला झाकायला ती दोन वाक्यं बोलली होती, आणि ती वाक्यं आता कुठवर गेली ते तिला कळलं होतं. तिने पहिल्यांदा धोंडिरामकडे पाहिलं. बाहेरून प्रियंकाचा आवाज येत होता. फोनवर कशावरून तरी नवऱ्याला समजावत होती.

धोंडिराम उभा राहिला. उभं राहायचं काही कारण नव्हतं.

"नळ नव्हता," तो म्हणाला.

डॉक्टरने वर पाहिलं.

"ही कधी कारखान्यात नव्हती. मी होतो. अठरा वर्षं. कपडे मी घरी आणायचो, ही दारात झटकायची न् मोरीत धुवायची." त्याने दाराकडे हात केला. "बाहेर आमची पोरगी आहे. तिला बोलवा."

डॉक्टरने शकूकडे पाहिलं. शकूने पदर तोंडाला लावला होता. तिला खोकल्याची उबळ आली होती. उबळ थांबली. मग डॉक्टरने आधीचा फॉर्म बाजूला ठेवला आणि दोन कोरे फॉर्म काढले.

प्रियंका आली ती आईच्या खांद्यावर हात ठेवूनच. काय निघालं, म्हणून तिने विचारलं. डॉक्टरने आईच्या तपासण्यांचं सांगितलं आणि मग तिच्याविषयी विचारायला सुरुवात केली. वय अडतीस. धाप लागते का, नाही. बिडी-सिगरेट, नाही. लहानपणी वडिलांच्या कामाच्या कपड्यांशी तिचा कधी संबंध यायचा का?

प्रियंकाला प्रश्नाची गंमत वाटली. आज सकाळपासून पहिल्यांदाच ती मोकळेपणाने हसली.

"संबंध म्हणजे काय, पप्पा आले की मी दारातच अंगावर उडी मारायचे. तशीच्या तशी. ते ओरडायचे, आधी कपडे काढू दे गं, मी कुठली ऐकतेय? सगळं डोकं पांढरं व्हायचं माझं. मग मी चाळीत दाखवत फिरायचे, बघा मी म्हातारी झाले म्हणून." ती आईकडे वळली. "आई, आठवतं ना?"

शकूने मान हलवली. प्रियंकाने वडिलांकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. डॉक्टर लिहीत होती. प्रियंकाचं हसू हळूहळू चेहऱ्यावरून गेलं.

"कितव्या वर्षापासून हे?" डॉक्टर म्हणाली. "अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

"पप्पा, किती वर्षांची होते मी?"

धोंडिराम अजून उभाच होता.

"तुम्ही दोघी गावाहून आलात तेव्हा तुला चार पुरी झाली होती," तो म्हणाला. "कारखाना बंद पडला त्या दिवशी अकरा."