मधल्या खुर्चीवरचा माणूस

इंग्रजीच्या क्लासमधला मधल्या खुर्चीवरचा माणूस आमच्या घरी राहायला आला, तेव्हा रूथ भाकऱ्या थापत होती. त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, आत आला आणि आम्हा दोघांच्या मधे बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण इंग्रजी शिकायचं आम्हीच ठरवलं होतं, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

रूथ माझी बायको. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिला इंग्लंडात नोकरी मिळत होती, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. घरी बोलायला कोणीतरी हवं म्हणून तिच्याबरोबर मीही क्लासला नाव घातलं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. इंग्रजीशी माझा संबंध बाटल्यांवरच्या नावांपुरता.

शिकवायला थोरात मॅडम होत्या. त्या पुस्तक उघडत नसत. त्यांच्याकडे तीन खुर्च्या होत्या. पहिलीवर करणारा बसायचा, तिसरीवर ज्याला करायचं तो, आणि मधे हा माणूस. पांढरा इस्त्रीचा शर्ट, तोंडातून अक्षर नाही. मॅडमनी इंग्रजीत 'रूथ सुधाकरला चहा देते' असं म्हटलं की रूथ जागची हलत नसे. हा उठायचा आणि मला चहा आणून द्यायचा. चहा चांगला असायचा, याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

"मॅडम, हा मधे कशाला?" मी एकदा विचारलं.

"मराठीत तुम्ही दोघं मांडीला मांडी लावून बसता," मॅडम म्हणाल्या, "आणि काम, म्हणजे क्रियापद, आपलं शेवटी, दाराशी उभं. तिकडे असं चालत नाही. तिकडे दोन माणसांच्या मधे काम बसतं. सवय करून घ्या."

रूथने करून घेतली. ती पहिल्यापासून हुशार. मला मात्र तो माणूस खपत नव्हता. जेवताना तो आमच्या मधे बसायचा. रूथला माझ्या पानात भाजी वाढायची असली तर तो वाढायचा. रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही जरा आडवे व्हायचो, तर हा मधोमध, शर्टासकट, सरळ पाठीवर.

"अहो, जरा सरका की," मी त्याला म्हणालो.

तो सरकला नाही.

"राहू द्या हो," रूथ पलीकडून म्हणाली. "परीक्षा झाली की जाईल."

मग तिची वाक्यं लांबायला लागली. मी होतो तिसऱ्या जागेवर, म्हणजे शेवटचा, असा माझा समज होता. पण माझ्या मागे एक बाई येऊन उभी राहिली, कुठे ते सांगणारी. तिच्या मागे एक म्हातारा, केव्हा ते सांगणारा. मराठीत ही मंडळी आधीच येऊन पुढची जागा धरतात, इथे ती शेपटाला. एवढ्यांना जागा पाहिजे म्हणून आमची खोली लांबली. भिंतीला तडा गेला नाही, फरशा तेवढ्या वाढल्या. रूथ आणि मधल्या माणसातही 'नेहमी' आणि 'कधीच नाही' अशी दोघं आलटूनपालटून येऊन बसायची. माझ्या टोकाहून बघितलं तर गॅसपाशी उभी असलेली रूथ बोटाएवढी दिसायची.

"मीठ आहे का?" मी ओरडायचो.

"काय?"

"मीठ!"

मीठ यायचं, हातोहात, बऱ्याच वेळाने. मला रूथची आठवण यायला लागली. एकाच घरात राहून बायकोची आठवण येते हे सांगायलाही लाज वाटते, पण यायची.

ती परीक्षा पास झाली. व्हिसा आला. मला सध्या नेता येणार नव्हतं. "तिथे जम बसला की बघू," असं काहीतरी ती त्या टोकाहून म्हणाली. माझ्या दुकानाच्या मालकाची बहीण अशीच 'बघू' म्हणून गेली ती तिकडचीच झाली. मला रूथला एवढंच विचारायचं होतं की तू परत येशील का. मराठीत विचारून पाहिलं. मराठीत प्रश्नासाठी कोणाला जागचं उठवावं लागत नाही, शेवटी नुसता 'का' जोडला की झालं. पण माझा 'का' अर्ध्या खोलीतच खाली पडायचा आणि तो म्हातारा उचलून बाजूला ठेवायचा.

मी मॅडमकडे गेलो.

"त्यासाठी 'विल' मावशीला न्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "प्रश्न असला की आधी ती आत शिरते. बाकीचे तिच्या मागे."

मावशी क्लासच्या जिन्यात नायलॉनची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. मी हात जोडले.

"येईन," ती म्हणाली. "पण मला फार घरं आहेत बाबा. सगळ्यांनाच काही ना काही विचारायचं असतं."

ती आली तेव्हा टॅक्सी दारात उभी होती आणि रूथच्या बॅगा डिकीत गेल्या होत्या. निरोपासाठी रूथ माझ्यापाशी आली, तेव्हा माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. तिने हात पुढे केला. मधल्या माणसाने बटण लावलं. रूथ रडायला लागली.

"मला लावायचं होतं हो ते," ती म्हणाली. "मला."

एवढ्यात मावशी आत शिरली. तिने मला बाजूला सारलं, रूथलाही मागे केलं आणि स्वतः सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. तिच्या मागे रूथ. रूथच्या मागे तो माणूस. रांग लागली.

"विल रूथ रिटर्न?" मावशी म्हणाली.

प्रश्न तेवढ्यातच संपला. त्यात मला जागा नव्हती. विचारणारा मीच, आणि मीच उंबऱ्याबाहेर चपलांमधे उभा.

रूथने डोळे पुसले. ती मावशीच्या पुढे आली.

"आय विल," ती म्हणाली.

उच्चार स्वच्छ होता. त्यात ती होती आणि मावशी होती. दोघी टॅक्सीत बसल्या. काय करणार ते त्यात नव्हतं, म्हणून तो माणूस माझ्याकडे राहिला. टॅक्सी वळली तेव्हा मागच्या काचेतून रूथचा हात दिसला, की मावशीचा, ते मला सांगता यायचं नाही.

ती गेल्यावर खोली पुन्हा आखूड झाली. बाई गेली, म्हातारा गेला. राहिलो आम्ही दोघं. मग एका सकाळी मी गॅसपाशी गेलो आणि रूथ बसायची त्या जागेवर, म्हणजे पहिल्या जागेवर, बसलो. आजवर कधी बसलो नव्हतो. घसा खाकरला.

"आय होल्ड रूथ," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे केला. हात दारातून बाहेर गेला, अंगण ओलांडून रस्त्याला लागला आणि स्टेशनच्या दिशेने वळला. मी वाट पाहिली. दुपारी शेजारच्या मार्थाबाई धुण्याची बादली घेऊन आल्या. त्यांनी साडी जरा वर धरली आणि हात ओलांडून गेल्या.

"पोचला का?" मी त्याला संध्याकाळी विचारलं.

त्याच्या कपाळावर घाम आला होता. हात अजून जातोच आहे. दारापाशी कान लावला की फरशीवरून बाही सरकल्याचा आवाज येतो. तो माणूस पुढे ओढला जाऊ नये म्हणून मी त्याला मागून कमरेला धरून ठेवलं आहे. आज खांद्यापाशी शिवण उसवायला लागली. एका हाताने रूथच्या डब्यातली सुई शोधली. दोरा काही ओवला जात नाही.