मुंगळीवरचा खटला

स्वतःच्याच नावाने लिहिलेली माफीपत्रं तपासायची वेळ जगात फार थोड्या माणसांवर येते. पाचवीच्या बाईंवर ती आली होती, आणि वर त्यांना अक्षराचे गुणही द्यायचे होते.

'प्रिय ताई,' पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, 'मी फार हावरट आहे. मी दर वेळी केकचा मोठा तुकडा घेतला. मला क्षमा कर. तुझी पापी बहीण, मुंगळी.'

बाईंनी 'पापी'खाली लाल रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'अतिशयोक्ती टाळावी.' मग पुढचं पत्र उचललं. त्यात मुंगळी स्वतःला राक्षसीण म्हणवून घेत होती. वर्गात पोरं होती तितकी पत्रं होती, आणि एकाही पोराला मुंगळीची दया आली नव्हती.

पोरांचा तरी काय दोष? त्यांनी पुस्तकात जे वाचलं तेच लिहिलं. 'मोठा तुकडा' नावाची ती कादंबरी दोन बहिणींच्या भांडणाची होती. थोरली ताई सोशिक, हुशार, सगळ्यांसाठी झिजणारी. धाकटी मुंगळी जिथे गोड तिथे हजर. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, ती कादंबरी पाचवीला अवांतर वाचनासाठी लावली होती, कारण शेवटचं प्रकरण वाचताना त्यांचे दोन रुमाल भिजले होते. पुस्तकाच्या मागे 'वर्गात करून पाहा' म्हणून उपक्रम दिले होते, तेही लेखिकेनेच बेतलेले. मुंगळीच्या स्वभावातले पाच दोष लिहा. मुंगळीच्या वतीने ताईला माफीपत्र लिहा. आपल्या घरात कोणी मुंगळी आहे का, यावर गटात चर्चा करा. ताईचे दोष लिहा, असा उपक्रम कुठेही नव्हता. बाईंनी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूलाही शोधून पाहिलं होतं.

लेखिका म्हणजे बाईंची सख्खी थोरली बहीण. आणि मुंगळी म्हणजे अर्थातच बाई. ताईने नाव बदलायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. घरात बाईंना मुंगळीच म्हणत आणि अजूनही म्हणतात. लग्नानंतर दोघींची आडनावं वेगळी झाल्यामुळे शाळेत कुणाला पत्ता नव्हता, एवढंच नशीब. पोरांना कळलं असतं तर बाई निवृत्त होईपर्यंत, आणि निवृत्त झाल्यावर बाजारातसुद्धा, मुंगळीच राहिल्या असत्या.

भांडणाचं मूळ होतं आईचा एक कायदा. आई बेकरीत कामाला होती. आठवड्याच्या शेवटी न खपलेला एक केक घरी यायचा. आई त्यातला आपला तुकडा आधी बाजूला काढायची आणि उरलेल्या केकवर कायदा लावायची: एकीने कापायचं, दुसरीने आधी उचलायचं. सुरी लहान पोरीच्या हातात द्यायची नाही, म्हणून कापायचं काम कायम ताईकडे आणि उचलायचं मुंगळीकडे. ताई कापायची, एक तुकडा मोठा व्हायचा, मुंगळी तो उचलायची, ताई रडायची, आणि आई आपला तुकडा ताईपुढे सरकवायची. तेच ते शेवटचं प्रकरण, 'आईचा त्याग.'

बाईंचं म्हणणं एवढंच होतं की मी चोरी केली नाही. कायद्याने उचलायचा हक्क माझा होता, मी उचलला. हे एकदा, फक्त एकदा, कुणीतरी चारचौघांत म्हणावं, ताईच्या समोर म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने केकच्या तुकड्यावरून असं मनाला लावून घ्यावं हे हास्यास्पद आहे, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग काय! लागलं होतं, ते लागलंच होतं.

म्हणून त्यांनी पुस्तकात नसलेला एक उपक्रम काढला. मुंगळीवर वर्गात रीतसर खटला चालवायचा. वर्गाची मॉनिटर न्यायाधीश. सरकारी वकील एक खणखणीत आवाजाचा मुलगा. आणि मुंगळीची वकील म्हणून शंकासुर.

शंकासुर ही पहिल्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी. सूर्य उगवतो म्हटलं तर 'रोज का?' असं विचारणारी. एरवी बाई तिच्यापुढे हात टेकत. वकिलांची नावं चिठ्ठ्या टाकून काढली, असं बाईंनी वर्गाला सांगितलं. चिठ्ठ्या टाकल्या हे खरं होतं. मुंगळीच्या वकिलाच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर शंकासुरचंच नाव होतं, हे सांगायची काही गरज नव्हती.

खटल्याच्या दिवशी लेखिकेला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. बाईंनी टेबलावर एक केक आणून ठेवला, मुद्देमाल म्हणून. न्यायाधीश बाईंच्या खुर्चीत बसली. तिच्या हातात हातोडा म्हणून डस्टर होता आणि पहिल्याच ठोक्याला तिचा चेहरा खडूने पांढरा झाला. मोठ्या बाई मागच्या बाकावर नवा रुमाल घेऊन बसल्या.

ताई आली ती एकटी नाही. मागून काठी टेकत आई आली.

"घरी बसून कंटाळा येतो गं," आई दारातूनच म्हणाली. तिने वर्गावर नजर फिरवली, तिला बाई दिसल्या, आणि तिने हाक मारली, "मुंगळे, खुर्ची दे आधी बसायला. पाय दुखतायत माझे."

वर्गात असा हलकल्लोळ उठला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन पाहून गेले. "बाईच मुंगळी! बाईच मुंगळी!" न्यायाधीश डस्टर आपटत राहिली आणि पुढच्या दोन बाकांवर खडूचं धुकं पसरलं.

बाईंनी निमूटपणे खुर्ची दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता खटला पुस्तकातल्या मुंगळीवर नव्हता, पाचवीच्या बाईंवर होता, आणि निकाल त्यांचीच पोरं देणार होती.

"आरोपीने पिंजऱ्यात यावं," न्यायाधीश म्हणाली. मग घाबरून म्हणाली, "बाई, याल का प्लीज?"

बाई फळ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. सरकारी वकिलाने गरजून विचारलं, "मोठा तुकडा कोण घ्यायचं?"

"मी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"लाज वाटायची का?"

बाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या, "फार मजा यायची." वर्गात कुजबुज झाली. ताई समाधानाने हसली आणि पिशवीतून पुस्तकात ठेवायच्या खूणपट्ट्यांचा गठ्ठा काढून मांडीवर ठेवला. त्या खूणपट्ट्या पोरांना सही करून द्यायला तिने मुद्दाम छापून घेतल्या होत्या.

मग शंकासुर उठली. तिने साक्षीदार म्हणून ताईला बोलावलं.

"मावशी, मुंगळी मोठा तुकडा घेणार हे तुम्हाला आधीच माहीत असायचं?"

"माहीत म्हणजे काय! जन्मखोड तिची."

"मग तुम्ही सारखे तुकडे का नाही कापलेत?"

"लहान होते मी बाळा. जमायचं नाही."

शंकासुरने कादंबरी उघडली. तिच्यात जागोजागी कागदाचे कपटे खोचलेले होते. "पण याच पुस्तकात तुम्ही भूमितीत शाळेत पहिल्या आल्या आहात. आणि आणखी एका पानावर तुम्ही कागदाची चांदणी कापली, तिची टोकं इतकी सारखी होती की सरांनी ती फळ्यावर लावली. चांदणी जमते आणि केक जमत नाही?"

"केक मऊ असतो," ताई म्हणाली. हे उत्तर तिचं तिलाही पटलं नाही.

"मुद्दाम कापायची ती," खुर्चीतून आवाज आला. आई. तिला कुणी बोलावलंच नव्हतं, पण आईला बोलावणं कधी लागलंय?

"आई!" ताई म्हणाली.

"आई काय आई? पोरगी नीट विचारतेय, नीट सांग." आई शंकासुरकडे वळली. "हे बघ, छोटा तुकडा आला की ही रडायची. रडली की मी माझा तुकडा द्यायचे. छोटा अधिक माझा, झाला की नाही मुंगळीच्या मोठ्यापेक्षा मोठा? भूमितीत उगाच नाही पहिली आली."

बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या. इतकी वर्षं आपण जिंकत होतो असं त्यांना वाटायचं. मोठ्या तुकड्याची ती सगळी मजा, आणि ताई समोर बसून दोन तुकडे खात होती! हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्यांनी कधी बेरीजच केली नव्हती. आपलं लक्ष आपल्या ताटातून वर गेलंच नाही, हे त्यांना आज कळलं. आणि त्या गणितही शिकवत होत्या.

"तुम्हाला कळायचं, तर तुम्ही का द्यायचात?" शंकासुरने आईला विचारलं. "तो त्याग होता ना?"

"कसला डोंबलाचा त्याग!" आई म्हणाली. "दिवसभर बेकरीत उभं राहून केक कापायचे मी. घरी आल्यावर त्याचा वाससुद्धा नको व्हायचा. ताटात घेतला नसता तर या दोघी म्हणाल्या असत्या, आईला नाही तर आम्हालाही नको. म्हणून घ्यायचे आणि कोण घेतंय याची वाट बघायचे. ही रडली की सुटले."

मागच्या बाकावर मोठ्या बाईंनी नवा रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?" हे बाईच बोलून गेल्या. आरोपीने मध्ये बोलायचं नसतं, पण न्यायाधीशही ऐकण्यात गुंग झाली होती.

"काय सांगायचं? तुला मोठा तुकडा मिळायचा, हिला रडायला मिळायचं. दोघी खूश. घर शांत. सांगून कुणाचं भलं झालं असतं?"

न्यायाधीशाने सरकारी वकिलाकडे पाहिलं. त्याने बाजू कधीच सोडून दिली होती आणि तो केककडे बघत होता. तिने डस्टर आपटला. "मुंगळी निर्दोष आहे. नियमाने तिने बरोबर केलं. ताईंना शिक्षा अशी की त्यांनी हा केक आमच्यासमोर कापावा. सारखा. आईंचा तुकडा आधी काढा."

वर्गाने टाळ्या पिटल्या. झालं. चारचौघांत, ताईच्या समोर, मोठ्याने. बाईंना जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ते गोड लागत नव्हतं. कारण त्यांनी ताईकडे पाहिलं होतं. ताईने खूणपट्ट्यांचा गठ्ठा हळूच पिशवीत परत ठेवला होता. तिच्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. एकुलतं एक पुस्तक लिहिलं होतं तिने, आणि पाचवीच्या पोरांनी एका तासात ते उलटं करून झटकलं होतं. आईचा त्यागही गेला होता. लहानपणी छोटा तुकडा हातात घेऊन बसायची तशीच ती बसली होती, फरक एवढाच की आता खरंच रडू येत होतं आणि ती ते आवरत होती. बाईंना तिची माया आली. राग गेला असं नाही. दोन्ही एकाच वेळी होतं, जसं कायमच असायचं.

बाईंनी आईसाठी एक तुकडा काढून बशीत दिला. आईने नाक मुरडलं, पण बशी घेतली. मग ताईने सुरी उचलली. एका मुलाने पट्टी पुढे केली. ताईने ती नको म्हणून बाजूला सारली आणि श्वास रोखून सुरी टेकवली. सुरुवात अगदी मधोमध झाली. मग, कुणी ढकलावी तशी, सुरी डावीकडे सरकली. मुद्दाम नव्हतं ते. इतक्या वर्षांत हाताला दुसरं वळणच माहीत नव्हतं.

दोन तुकडे पडले. शेवटच्या बाकावरूनही कळत होतं मोठा कुठला.

"बाई, उचला," न्यायाधीश म्हणाली.

वर्ग श्वास रोखून बघत होता. छोटा उचलला असता तर काय शोभलं असतं! निर्दोष तर निर्दोष, वर थोर मनाची. पोरांनी पुन्हा कधी मुंगळी म्हटलं नसतं. बाईंचा हात छोट्या तुकड्याकडे गेलाही. तेवढ्यात त्यांना ताईची नजर दिसली. ताई केककडे बघतच नव्हती, ती त्यांच्या हाताकडे बघत होती, भेदरून. मुंगळीने छोटा तुकडा घेतला तर ताईने पुढे काय करायचं, हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

बाईंनी मोठा तुकडा उचलला आणि सगळ्यांच्या देखत त्याचा सणसणीत घास घेतला.

"बघितलंत?" ताई ओरडली. "बघितलंत ना सगळ्यांनी? अजून तश्शीच आहे! एक अक्षर खोटं लिहिलं नाही मी!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा आनंदाने फुलला होता. पोरं हसत सुटली, बाकांवरून उठली आणि ताईभोवती गोळा झाली. कुणीतरी सहीसाठी पुस्तक पुढे केलं. पिशवीतून खूणपट्ट्या पुन्हा बाहेर आल्या.

आईने आपली बशी ताईपुढे सरकवली. "घे गं," ती म्हणाली, "रडू नकोस." ताईने तो तुकडा घेतला आणि एका हाताने सह्या करत खाऊ लागली.

फक्त शंकासुर जागेवर होती. तिने हात वर केला.

"बाई, म्हणजे हे परत तेच झालं की!"

"हो," बाई भरल्या तोंडाने म्हणाल्या. "खाली बस."