हुंगून पास

गॅसच्या नळ्या जोडणाऱ्या त्या फिटरला सगळे नाकसाहेब म्हणत. सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं हे त्याच्या मते नवशिक्यांचं काम. हा नुसता हुंगायचा आणि पास करायचा. तुझं नाक चुकत नाही कशावरून, असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, मी पास केलेल्या घरात कधी गळती सापडली का? आता सापडणार कशी बाबा, तपासणारं नाकही याचंच! पण त्याच्या तोऱ्यापुढे बोलणार कोण?

त्या सकाळी त्याने आपल्या ताईकडे नवी शेगडी जोडली, हुंगून पास केली आणि घरी आला. जेवायला बसला तोच बायको आतून ओरडत आली. शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि हा शेजारीच बसून निवांत भाजी चिवडत होता. नाक आहे की खुंटी, असं ती म्हणाली.

तो उठला. फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. काही नाही. कांदा फोडला. काही नाही. आठवड्यापूर्वीची सर्दी जाताना वासही घेऊन गेली होती आणि याला पत्ताच नव्हता. ताईकडे संध्याकाळी पाहुणे होते, म्हणजे ती दुपारीच शेगडी पेटवणार. त्याने तिला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. तो जेवणाच्या हातानेच धावत सुटला.

ताईच्या दाराशी त्याचं बोट घंटीकडे गेलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. घंटीची एक ठिणगीसुद्धा पुरली असती. त्याने दार हाताने बडवलं.

ताईने दार उघडलं. न्हाऊन केसांना पंचा गुंडाळलेला, हातात लायटर. त्याने तो हिसकावला, आत जाऊन कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या. मग सांध्याला फेस लावला आणि कॉक क्षणभरच फिरवला. टरारून बुडबुडे आले.

"ताई, तुला वास येत नव्हता?"

"सकाळपासून येतोय की. पण तू नाही म्हणालास ना, मग म्हटलं मलाच भास होतोय. तुझ्या नाकापुढे माझं नाक ते काय!"

तो तिथेच फरशीवर बसला आणि सर्दीनंतर जोडलेल्या शेगड्या आठवू लागला. त्या घरांतही कुणाला ना कुणाला वास आला असेल, आणि तेही असेच गप्प बसले असतील. चहाची वेळ होत आली होती.