त्या दिवशीचा भात

रविवारी दुपारी गावच्या वाचनालयात पुस्तकावर चर्चा असली की पंकजाक्षी शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. पुस्तक वाचून यायची, पण बोलायची कधी नाही. खिडकीजवळच्या टेबलाशी तिचा नवरा भरतन पेपर उघडून बसलेला असे. पुस्तकांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दोघं घरून वेगवेगळी यायची, वेगवेगळी जायची. केरळातल्या पय्यन्नूरच्या त्या टापूत हे सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं.

त्या रविवारची कादंबरी एका कोळणीची होती. मुलाची होडी बुडाल्याची बातमी घेऊन माणसं दारात येतात आणि ती एक शब्द न बोलता आत जाऊन चुलीवर भात ठेवते.

"मला ही बाई अजिबात पटली नाही," अकरावीतली हृद्या उभी राहून म्हणाली. "पोटचा पोरगा गेलाय आणि ही तांदूळ धुतेय! मला क्लासहून यायला जरा उशीर झाला तर माझ्या आईला घास उतरत नाही."

"तुझी आई घास उतरत नाही म्हणते, पण तिच्याकडं बघून वाटत नाही हं," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

वाचनालय सांभाळणारी रजिला काळ्या चहाचे पेले फिरवत होती. "मी ते पान वाचलंच नाही," ती म्हणाली. "धाकटा कुशीत झोपला होता. भीतीच वाटली. पान उलटलं नि पुढं गेले."

"वा! तूच पानं गाळायला लागल्यावर आम्ही काय करायचं?" अंबू माष म्हणाले. ऐंशी उलटलेल्या या माषांनी, म्हणजे मास्तरांनी, एके काळी अर्ध्या गावाला शाळेत शिकवलं होतं. मग ते हृद्याकडे वळले. "पोरी, दुःख झालं की माणूस रडतोच असं कुठं आहे? आमची जानू गेली त्या सकाळी मी सायकलच्या चाकात हवा भरत होतो. कुठं जायचं होतं मला? कुठंच नाही. हातांना काहीतरी लागतं गं."

"तुम्ही नवरा होतात, माष. ही आई आहे. आईच्या पोटात दगड असल्याशिवाय असं होणार नाही."

रजिलाने डोळ्यांनी खुणावलं, पण हृद्याला काय कळणार? शिबिन गेला तेव्हा ती एवढीशी होती.

शिबिन हा पंकजाक्षीचा एकुलता एक मुलगा. शारजात बांधकामावर होता, परांची कोसळली. फोन पंकजाक्षीनेच घेतला होता. भरतन शेतावरून धावत आला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि ही स्वयंपाकघरात पेज निथळत उभी. "तुझ्या पोटात दगड आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. ते वाक्य मग गावभर झालं. त्यानंतर तो तिच्या हातचं जेवत राहिला, पण तिच्याशी मुलाबद्दल एक अक्षर बोलला नाही.

पंकजाक्षी उभी राहिली. बसून बोलण्याची त्या चर्चेत पद्धत नव्हती.

"पुस्तकातली बाई बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की माष कानामागे हात धरून वाकले. "फक्त तिनं भात का ठेवला ते लेखकानं लिहिलं नाही. मी माझं सांगते. सासूबाईंना नुकतंच इन्शुलिन टोचलं होतं. तेवढ्यात फोन आला. पोटात अन्न गेलं नसतं तर म्हातारी तिथंच गेली असती. दोन मढी झाली असती घरात. म्हणून भात शिजवला. त्यांना काही सांगितलं नाही, आधी भरवलं. म्हणाल्या, मीठ कमी आहे. मी मीठ घातलं."

हृद्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं..."

"तुझं काय चुकलं? मीही तुझ्या वयात हेच म्हणाले असते."

खिडकीजवळ खुर्ची सरकली. भरतन पेपर तसाच टाकून बाहेर गेला होता.

पंकजाक्षी निघाली तेव्हा तो देवळाच्या तळ्याशी उभा होता. तिने त्याला ओलांडून चार पावलं टाकली आणि मागून आवाज आला, "आई जेवली होती त्या दिवशी?"

"जेवली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आणि तू? तू जेवलीस?"

"मला कोण वाढणार होतं?"

भरतन पायरीवर बसला. तोंडावर पंचा धरून तो रडायला लागला, गुरासारखा हंबरून. पोराचं शव विमानतळावरून आणलं तेव्हाही तो असा रडला नव्हता. तिने उठवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. 'तू जेवलीस?' हा प्रश्न त्याने विचारावा म्हणून ती किती वर्षं जेवणाच्या पानाशी वाट बघत बसली होती. सासूबाई गेल्या, शिबिनची खोली भाड्यानं दिली, केस पांढरे झाले. आता प्रश्न आला होता आणि तिच्यात आणखी काही सांगायची इच्छाच उरली नव्हती.

त्याचं रडणं ओसरेपर्यंत ती वरच्या पायरीवर थांबली. मग पुस्तक काखेत घेऊन घराकडे चालू लागली. मागे त्याची पावलं वाजत होती. जवळ येत नव्हती, लांबही जात नव्हती.